खाली पेव होतं

हरिपुरात, संगमाकडं उतरणाऱ्या वाटेवर
चौगुल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाणं व्हायचं.
शेड हळदीसाठी बांधलेली.
गाण्यासाठी आमच्याकडं कोण काय बांधतंय?
एकोणसत्तरला बाळगोंडा चौगुल्यांच्या थोरलीच्या लग्नात
वावटळीनं मांडव उडाला,
बैठक उचलून आत नेली, पोत्यांच्या थप्पीत.
ती परत बाहेर आली नाही. छत्तीस वर्षं.

माझा बाप तातोबा. काम पेवात उतरायचं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
जळत राहिला, तर माणूस.
एवढंच त्यानं मला शिकवलं.

शेडखाली सात पेवं.
तोंडाशी एक माणूस मावेल एवढी,
आत गाभण म्हशीसारखी फुगलेली.
तोंडावर फरशी, फरशीवर शेणमाती,
त्यावर जाजम,
जाजमावर शेवंताबाई कागलकर.

पहिल्याच षड्जाला बाई थांबल्या म्हणे.
तंबोऱ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.
"खाली कोण हाय?"
कोण नव्हतं. रिकामं पेव होतं.
त्यांचाच सा, अर्ध्या श्वासानं उशिरा,
खालून वर येत होता
जरासा पिवळा होऊन.

तेव्हापासून गवई पत्रातच विचारायचे:
बिदागी किती, उतरायचं कुठं,
आणि पेव भरलंय का रिकामं.
चैत्रात माल भरला की आवाज कोरडा पडायचा,
तबला पुढं, गळा मागं.
दिवाळीनंतर एकेक पेव फुटत गेलं
की गळ्याला बूड मिळायचं.
मिरजेचा हैदर मुल्ला डग्गा ठेवायचा
बरोबर तिसऱ्या पेवावर, इंचभर इकडं तिकडं नाही.
एका साली भाव पार बसलेला,
तरी चौगुल्यांनी तिसऱ्यातला माल काढून विकला
एका रात्रीच्या मालकंसासाठी.
व्यापारी माणूस!
पोरांनी त्यांना ते शेवटपर्यंत ऐकवलं.

तिकीट नव्हतं. दारात परात.
समोर हमाल, गिरणीतल्या बाया, दोन वकील,
पांढरी धोतरं घेऊन आलेले
आणि हळदीची नेलेले.
समेवर कुणीतरी शिंकायचंच.
दाद कुठली आणि शिंक कुठली
हे हरिपूरकरांनी कधी निवडत बसलं नाही.

बाप मात्र बैठकीला बसला नाही कधी.
फक्त एकदा,
पाचव्या पेवात पेंढा काढत होता,
वर जाजम पडलं, तंबोरे लागले.
फरशी बोटभर सरकलेली होती, तेवढी हवा.
हाक मारली असती तर काढला असता.
नाही मारली.
पहाटे भैरवी झाल्यावर वर आला,
अंगाला भुसा, डोळे लाल,
कंदील अजून हातात, जळत.
आई रागानं थरथरत होती.
तो म्हणाला, "वर तुमी ऐकता त्ये उष्टं हाय."
पुन्हा त्याबद्दल बोलला नाही.

दोन हजार पाचला पाणी आलं.
गावात नंतर आलं, पेवात आधी.
रात्रभर जमीन गुळण्या करत होती.
ओसरल्यावर माल काढला, तो माल नव्हताच,
आणि सहाव्याची कड आत ढासळली ती थेट दारापर्यंत.
मुरूम टाकला. डंपर मोजायला मीच उभा होतो.
चौदा.

आता तिथं नातवाचं गाड्या धुवायचं सेंटर आहे.
गेल्या आठवड्यात मोटारसायकल घेऊन गेलो,
पोरगं फवारा मारत होतं तोवर
कोब्यावर टाच आपटत फिरलो, येड्यासारखा.
एक मुकं. दोन मुकं.
तिसऱ्यावर जास्त वेळ थांबलो. मुकंच.

पोरगं म्हणालं, "मामा, त्या कोपऱ्यात
कॉम्प्रेसर ठिवलाय न्हवं, त्येचा आवाज लई घुमतोय.
रबर घातलं, बोल्ट आवळलं, तरी घुमतंयच.
काय करावं?"

मी जागा बघितली. भिंतीपासून पावलं टाकली.
पाचवं.

म्हटलं, "कंदील हाय का रं एखादा?"